तिसऱ्यांदा विचारतील म्हणून

दोन वर्षांचं शिक्षण मी 'नको, राहू द्या' म्हणून सोडून दिलं.

कोणी माझ्यावर अन्याय केला नाही, कागद हरवले नाहीत, मी नापासही झालो नाही. समोरच्या बाईंनी दोनदा नीट विचारलं, हवंय का? मी दोनदा नीट सांगितलं, नको. माणसं चहा सोडतात, साखर सोडतात, फार तर नोकरी सोडतात. मी अख्खा डिप्लोमा सोडला आणि वर थँक यू म्हणून बाहेर आलो.

हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

बहरीनच्या सीफ भागातल्या एका टॉवरमध्ये मी हिशेबाचं काम करतो. बार्शीहून निघालो तेव्हा बारावी आणि टॅलीचा कोर्स एवढंच जवळ होतं, आणि बहरीनमध्ये तेवढ्यावर बरीच वर्षं निभावलं. पण माझ्या हुद्द्याला 'असिस्टंट' असं एक शेपूट आहे, आणि डिग्रीशिवाय ते गळणार नाही, असं साहेबांनी मला पाठीवर हात ठेवून, हसत हसत सांगितलं. हसत हसत सांगितलेल्या गोष्टी मला फार लागतात. म्हणून चाळिशीला टेकलेला असताना मी कॉलेजात नाव घातलं.

माहूजमध्ये आमच्या फ्लॅटपासून चालत जाता येईल असं ते दोन वर्षांचं कॉलेज होतं. खाली लाँड्री, वर कॉलेज. संध्याकाळी इस्त्रीची वाफ जिन्यावरून वर वर्गात यायची, त्यामुळे अजूनही मला घसारा म्हटलं की गरम कपड्यांचा वास येतो. तिथे मी डुलक्या काढत, स्वप्नं बघत, पण विषय एकेक करत डिप्लोमा पुरा केला. त्याच्या पुढे चार वर्षांची युनिव्हर्सिटी. मात्र डिप्लोम्याचे विषय त्यांनी मान्य केले, तर पहिली दोन वर्षं माफ आणि थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश. नाही केले, तर पुन्हा पहिल्या बाकापासून सुरुवात.

ही दोन वर्षं आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. साहेबांनी आठवड्यातून काही दिवस लवकर निघायची परवानगी दिली होती तीही दोनच वर्षांची, आणि तीही 'इंशाल्ला' म्हणून. आमची लेक अकरावीत. दोन वर्षांनी ती कॉलेजला जाणार. तोवर मी मोकळा झालो, तर घराला एका वेळी एकच विद्यार्थी सांभाळावा लागेल, असं बायकोचं गणित होतं. ती इथल्या भारतीय शाळेत शिकवते. तिच्या गणितापुढे मी बोलत नाही. लेक मराठी सगळी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. तिने स्वतःची अट स्वच्छ सांगून ठेवली होती.

"बाबा, यू कॅनॉट बी इन कॉलेज व्हेन आय अ‍ॅम इन कॉलेज. प्लीज."

"का गं? एका डब्यात दोघांची पोळीभाजी जाईल."

"एग्झॅक्टली," असं म्हणून तिने खोलीचं दार लावलं होतं.

ती युनिव्हर्सिटी समुद्रावर आहे. समुद्राकाठी म्हणालो असतो, पण मी नवा नवा इथे आलो तेव्हा त्या जागी पाणीच होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही पोरं तिकडे फिरायला जायचो आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या बगळ्यांसारख्या पक्ष्यांकडे बघत गावच्या गोष्टी करायचो. मग ट्रक आले, भर पडली, पाणी मागे सरकलं, आणि आता तिथे काचेची इमारत आहे, समोर ओळीने उभी केलेली खजुराची झाडं आहेत. सप्टेंबरात तिथलं आकाश आणि उरलेला समुद्र एकाच फिकट रंगाचे असतात. मधली रेघ कोणीतरी ओल्या बोटाने पुसून टाकल्यासारखी. गारेगार गाडीतून उतरलं की दमट हवेने चष्म्यावर वाफ धरते, आणि काही क्षण माणूस या जगात असूनही नसतो. मला ते क्षण आवडतात. त्या पांढऱ्या धुक्यात मला स्वतःचा काळा झगा दिसायचा, चौकोनी टोपी दिसायची, पहिल्या रांगेत बसलेली आई दिसायची. पहिल्या दिवशी असाच धुक्यातून चालत मी एका खांबाला 'एक्स्क्यूज मी' म्हणालो.

प्रवेशाचं बघणाऱ्या सल्लागार बाई माझ्याहून वयाने लहान होत्या. काळा पायघोळ अबाया, हसरे डोळे, टेबलावर कॉफीचा थर्मास आणि खजुरांचा डबा. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. ते मी इथे मराठीत सांगतोय, कारण मराठीत माझा मूर्खपणा जास्त स्पष्ट दिसतो.

"ब्रदर, खजूर घ्या."

"नको, नको. थँक यू."

"एक तरी घ्या."

"आत्ताच जेवून आलोय, मॅडम."

"असं कसं? माझ्या वडिलांच्या झाडाचे आहेत. घ्यायलाच पाहिजे."

ही तिसरी वेळ. मी हात पुढे केला, खजूर घेतला. मऊ, मधासारखा होता. आणि मला फार हायसं वाटलं. म्हटलं, ही बाई आपल्यातली आहे. हिला नियम माहीत आहे.

नियम आईचा. बार्शीला आमच्या गल्लीत कोणाकडे गेलं आणि पुढे बशी आली, की पहिल्यांदा ठामपणे नको म्हणायचं. दुसऱ्यांदा नको म्हणायचं, पण जरा मऊ. तिसऱ्यांदा विचारलं, की "बरं, अगदी थोडं" म्हणत हात पुढे करायचा. एकदा शेजारच्या काकूंनी शिऱ्याची बशी आणली आणि मी पहिल्याच हाकेला झडप घातली, तेव्हा आईने त्यांच्या घरात माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला अजून पाठीत जाणवतं. माझ्या अंगात तो नियम असा मुरलाय, की बहरीनमध्येही मराठी घरांतून शुक्रवारच्या सुट्टीला जेवायला गेलो तर मी पहिल्या दोन पोळ्या नाकारून तिसरीपासून जेवायला सुरुवात करतो.

इथली कॉफी त्या मानाने सोपी. छोटासा बिनकानाचा कप. पुरे झालं की तो हातात जरा हलवायचा, खलास, ओतणारा थांबतो. सगळ्यांना कळतं. आमच्या 'नको'ला असं हलवायचं काही नाही. तो 'नको' खरा की खोटा हे फक्त आम्हालाच कळतं, आणि कधी कधी आम्हालाही नाही.

तर मी खजुराची बी कागदात गुंडाळत होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे डिप्लोमा आहे. त्याचे विषय मी समितीकडे पाठवू का? थोडं काम आहे, प्रत्येक विषय आमच्या विषयाशी जुळवून बघावा लागेल. पण मी करेन."

थोडं काम आहे! हे ऐकल्यावर मी हो म्हणणं शक्यच नव्हतं.

"नको, नको, मॅडम," मी ठामपणे म्हणालो. "तुम्हाला कशाला त्रास."

त्यांनी भुवया वर केल्या. "नक्की? म्हणजे तुम्हाला पहिल्या वर्षापासून करायचंय?"

ही दुसरी वेळ. इथे 'नको' जरा मऊ हवा. मी हसलो, मान दोन्हीकडे डोलवली, म्हणालो, "राहू द्या. चालेल की."

आणि मी वाट बघत बसलो. अगदी तयारीत. 'बरं, अगदी थोडं' हे शब्द ओठांपर्यंत आणून ठेवले होते. एसीचा बारीक आवाज येत होता, काचेबाहेर तो बिनरेघेचा समुद्र होता, आणि मला वाटलं, आता या म्हणतील, असं कसं, माझ्या वडिलांच्या युनिव्हर्सिटीचे विषय आहेत.

"खलास," बाई म्हणाल्या आणि संगणकावर काहीतरी दाबलं. "फर्स्ट इयर. वेलकम, ब्रदर."

मी उठलो. पण आशा सुटली नव्हती. आमच्याकडे शेवटचा आग्रह दारात होतो, पाहुणा चपला घालताना. मी दारापाशी गेलो, उगाच बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, दुसऱ्या पायाचीही सोडली. बाईंनी मान वर करून पाहिलं.

"एव्हरीथिंग ओके?"

"येस, येस."

"यल्ला, बाय," त्या गोड हसल्या.

बाहेर आलो. चष्म्यावर वाफ धरली. या वेळी धुक्यात झगा दिसला नाही.

घरी बायको भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "काय झालं?"

"झालं अ‍ॅडमिशन."

"तिसऱ्या वर्षाला ना?"

"पहिल्या."

थापणं थांबलं. "विषय मान्य नाही केले त्यांनी?"

"विचारलं होतं त्यांनी, पाठवू का म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, राहू द्या."

तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मग तिने गॅस बंद केला, ओट्याला टेकून उभी राहिली आणि शाळेतल्या सगळ्यात मठ्ठ मुलाशी बोलावं तशा शांत आवाजात म्हणाली, "अहो, ती शिऱ्याची बशी होती का?"

"तिसऱ्यांदा विचारतील असं वाटलं."

"उद्या जा आणि सांगा, चूक झाली म्हणून."

"उद्या लगेच? बरं दिसत नाही गं."

"आणि चार वर्षं लावून पोरीबरोबर कॉलेजला जाणं बरं दिसतं?"

आतून लेकीचा आवाज आला, "व्हॉट? फोर इयर्स? बाबा, नो!"

पहिल्या आठवड्यात विषय आणि वर्ष बदलता येतं, गुरुवारी दार बंद, एवढं बायकोने युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरून शोधून काढलं. म्हणजे काही दिवस हातात होते. शहाणा माणूस दुसऱ्याच दिवशी गेला असता. मी वर्गात गेलो.

आणि खरं सांगतो, मला तिथे आवडलं. सगळी पोरं नुकती शाळेतून आलेली. मी आत शिरलो तेव्हा अर्ध्यांनी फोन खिशात टाकले, कारण त्यांना वाटलं प्राध्यापक आले. मग खरे प्राध्यापक आले, आणि मी सवयीने ताडकन उभा राहिलो, "गुड इव्हनिंग, सर!" सगळ्या वर्गात मी एकटाच उभा. पोरं हसली, पण वाईट हसली नाहीत. शेजारच्या मुलाने माझ्यासाठी खुर्ची जरा मागे ओढून दिली, जणू मी उठून उभा राहिलो म्हणजे माझे गुडघे दुखले असतील.

जमा म्हणजे काय, नावे म्हणजे काय, इथपासून सुरुवात होती. जे मी रोज दिवसभर करतो तेच कोणीतरी संथ, गोड आवाजात पुन्हा सांगत होतं. एकदा ऐकलेली गोष्ट झोपताना पुन्हा ऐकावी तसं ते वाटायचं. दुसऱ्या दिवशी 'बिझनेस कम्युनिकेशन' नावाचा विषय होता आणि तिथे मला खिडकीची जागा मिळाली. बाहेर भरतीचं पाणी भिंतीपर्यंत आलेलं. मला वाटलं, आपण बसलोय ती जागाही पूर्वी पाणीच होती. या फरशीखाली अजून कुठेतरी ते जुनं पाणी असेल, त्यात चुकार मासे असतील, आणि कधी तरी भरतीला ते वर येऊन आपल्या पायाखालून जात असतील. दोन वर्षं गेली तर गेली, असं मला त्या खिडकीत वाटलं. मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायला कोणाला मिळतं? समुद्रालासुद्धा नाही मिळालं.

समोर त्या विषयाच्या बाई सांगत होत्या, की या विषयात आपण फक्त एकच गोष्ट शिकायची आहे: आपल्याला काय हवंय ते समोरच्या माणसाला थोडक्यात आणि स्पष्ट कसं सांगायचं. मी मासे बघत होतो.

तरी जाऊन सांगितलंच असतं, पण मधेच एक भानगड झाली. हिशेबाचे ते प्राध्यापक विभागप्रमुखही होते. त्यांनी तिसऱ्या तासाला वर्गात माझ्याकडे हात केला.

"या गृहस्थांकडे डिप्लोमा आहे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांचा अनुभव आहे. यांना सरळ तिसऱ्या वर्षात जाता आलं असतं. पण यांनी स्वतः सांगितलं, नको, मला पायापासून शिकायचंय. याला म्हणतात ज्ञानाची ओढ."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उभं राहून, मान डोलवत, त्या टाळ्या घेतल्या. आता सांगा, या टाळ्या परत कशा करायच्या?

त्या संध्याकाळी आईशी व्हिडिओवर बोललो. आईला मी युनिव्हर्सिटीत जातो एवढंच माहीत होतं. बायकोने माझ्या हातून फोन घेतला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: खजूर, दोनदा विचारणं, बुटाची नाडी, टाळ्या. आई पडद्यावर इतकी जवळ येऊन ऐकत होती की नुसतं कपाळ दिसत होतं. मला वाटलं, आता तरी ही माझी बाजू घेईल. तिचाच नियम मी परमुलखात जाऊन पाळला होता.

"अरं लेकरा," कपाळ म्हणालं, "मी चहाचं सांगितलं हुतं तुला. शाळंचं कधी सांगितलं?"

"आई, तूच म्हणायचीस, लगेच हो म्हटलं की हावरट दिसतो."

"मग दिस की हावरट. शिकायला हावरट दिसला तर कोण नावं ठेवतंय? तुझ्या बापाला सातवीतनं काढलं तवा तो रडून रडून मागत हुता, शाळा द्या म्हणून. आणि तुला ताटात वाढून आणली तर तू म्हणतो, राहू द्या."

वडील कधी माझ्याशी त्याबद्दल बोलले नव्हते. ते गेले तेव्हा मी इथेच होतो, रजा मिळेपर्यंत सगळं आटपलं होतं. फोन बंद झाल्यावर मी गॅलरीत गेलो. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कोणीतरी कबुतरं उडवत होतं, आणि ती फिकट आकाशात एकदम वळायची तेव्हा दिसेनाशी व्हायची. सातवीतला मुलगा कसा दिसत असेल, ते मला नीट डोळ्यांपुढे आणता येईना. चेहरा माझ्याच लेकीचा येत होता.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. "गुरुवार उद्या आहे," ती म्हणाली. "मी विचारीन, तुम्ही नुसतं हो म्हणायचं. करू या प्रॅक्टिस. चहा पाहिजे?"

"नको, आत्ताच..."

"हो म्हणा!"

"हो."

"तिसरं वर्ष पाहिजे?"

"हो."

"दोन्ही वर्षांचे विषय मान्य करून पाहिजेत?"

"हो, म्हणजे त्यांना त्रास नसेल तर..."

तिने डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निघाल्यापासून मी गाडीत एकटाच सराव करत होतो. सीफच्या सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या. मी काचा बंद करून ओरडत होतो, "येस! येस, आय वॉन्ट! येस, प्लीज!" शेजारच्या गाडीतल्या बाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं. युनिव्हर्सिटीत उतरेपर्यंत माझ्या तोंडात 'येस' एवढा एकच शब्द शिल्लक होता.

सल्लागार बाई मला बघताच उठून उभ्या राहिल्या. "ब्रदर! आजच तुमची आठवण काढली. मी वडिलांना घरी तुमच्याबद्दल सांगितलं. डिप्लोमा असून हा माणूस पहिल्यापासून शिकतोय. ते इतके खूश झाले, तुमच्यासाठी हे पाठवलंय." त्यांनी टेबलाखालून खजुरांची मोठी पेटी काढली. "घ्याल ना?"

"येस!" मी म्हणालो आणि पेटी ओढूनच घेतली. बार्शीला आई जिथे असेल तिथे तिचे डोळे मोठे झाले असतील.

"कॉफी?"

"येस!"

बाई जरा दचकल्या, पण त्यांनी ओतली. मी प्यायलो. कप हलवायचं सुचलं नाही. अजून ओतली, तीही प्यायलो. शेवटी मांडीवर ती पेटी घेऊन, एका सज्जन म्हाताऱ्याने माझ्या त्यागासाठी पाठवलेले खजूर छातीशी धरून, मी म्हणालो, "मॅडम, मला तिसरं वर्ष पाहिजे."

त्यांनी थर्मास खाली ठेवला.

"तुम्ही त्या दिवशी विचारलं, तेव्हा मला हवंच होतं. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायची पद्धत आहे. तुम्ही खजुराला तीनदा विचारलंत, म्हणून मला वाटलं विषयांनाही तीनदा विचाराल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खजुरांच्या पेटीकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. अबायाची बाही तोंडावर धरून त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरची बाई उठून बघायला आली, आणि तिला अरबीत सगळं सांगून झाल्यावर त्या दोघी मिळून हसल्या. मीही हसलो. दुसरं काय करणार?

"खजूर म्हणजे घर," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "घरात मी दहादा विचारेन. हे ऑफिस आहे, ब्रदर. इथे नो म्हणजे नो."

"वडिलांना काय सांगाल?"

"काही नाही. त्यांना खूश राहू दे." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "ही मात्र आता परत घेणार नाही."

त्यांनी मला लगेच विभागप्रमुखांकडे नेलं. हे मला कठीण वाटत होतं; टाळ्या त्यांनीच वाजवायला लावल्या होत्या. पण त्यांनी माझे डिप्लोम्याचे विषय शांतपणे बघितले, घसाऱ्यावर दोन-चार प्रश्न विचारले. उत्तरं देताना मला इस्त्रीचा वास आला आणि सगळं बरोबर आठवलं. ते मान हलवत म्हणाले, समितीला मी सांगतो, अडचण येणार नाही, तुम्ही आजपासून तिसऱ्या वर्षात बसा. त्यांच्या खिडकीतूनही तोच समुद्र दिसत होता. ओहोटी होती, आणि ओल्या वाळूवर एक पांढरा पक्षी एका पायावर उभा होता, पूर्वी उभे राहायचे तसाच.

मी तिकडे बघत असताना ते म्हणाले, "तुमची ती पायापासून शिकायची इच्छा मला आवडली होती. पहिल्या वर्षाचा एखादा विषय तरी पुन्हा करायला आवडेल का? सक्ती नाही."

"येस!" मी म्हणालो.

खरंच, विचार करण्याआधी तोंडातून गेलं. दिवसभर तेच तर घोटलं होतं.

"वा! कोणता?"

आता काहीतरी सांगणं भाग होतं. माझ्या डोळ्यांसमोर एकदम ती खिडकी आली, भिंतीला लागलेलं भरतीचं पाणी आलं, फरशीखालून जाणारे मासे आले. त्या विषयाचं नाव मी सांगितलं. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं, माझा हात हातात घेऊन दाबला, आणि खलास.

घरी आलो तेव्हा दोघी दारातच उभ्या होत्या. मी पेटी बायकोच्या हातात दिली.

"तिसरं वर्ष," मी म्हणालो.

बायकोने डोळे मिटून सुस्कारा सोडला. लेकीने दोन्ही हात वर केले. "येस! ओके. यू विल बी आउट बिफोर मी."

"फक्त पहिल्या वर्षाचा एक विषय परत करायचाय," मी बूट काढता काढता हळूच म्हणालो. "याच टर्मला संपेल. त्यांनी विचारलं, आवडेल का, आणि मी..."

"तुम्ही हो म्हणालात," बायको म्हणाली. "देवा! कोणता विषय?"

"बिझनेस कम्युनिकेशन."

"त्यात काय शिकवतात?"

"आपल्याला काय हवंय ते समोरच्याला थोडक्यात आणि स्पष्ट कसं सांगायचं, ते."

बायको खजुरांची पेटी घेऊन तशीच खाली बसली आणि हसू लागली. लेकीने कानातले इअरफोन काढले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला स्वच्छ मराठीत उत्तर दिलं.

"बाबा, तू नापास होणार त्यात."